कोंडीरामचा कान

कोंडीराम हुतुतूचा सामना डोळे मिटून बघायचा. हसू नका, खरं सांगतोय. नायगावच्या मैदानात दोरीला खेटून खुर्ची टाकायची, मान जराशी तिरकी करायची आणि डोळे मिटून नुसतं ऐकायचं. चढाई करणाऱ्याने पलीकडच्या गड्यांत शिरून एका दमात 'हुतुतू' घुमवत परत यायचं, मध्ये दम तुटला की बाद, हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या धुरळ्यात, आरडाओरड्यात दम नेमका तुटला की नाही, हे भल्याभल्या पंचांनाही उमगत नसे. कोंडीरामला उमगे. तो डोळे उघडून नुसता ओठ मुडपायचा आणि पंच त्याच्याकडे चोरून बघून शिट्टी मारायचे.

कान असा तिखट, पण जीभ? तिचं नाव काढू नका. लेखणी हातात आली की हा वाघ. "अमक्याने पाय ओढताना अंग चोरलं, मंडळाचं नाक कापलं," असं बिनदिक्कत लिहायचा. तोच अमका दुसऱ्या दिवशी लालबागच्या नाक्यावर समोर आला की ह्याची शेळी व्हायची. "बरा खेळलास रे," म्हणायचा आणि चहा पाजायचा. बायको, बकुळा, त्याला म्हणायची, "तुमचं मन कागदावर मोकळं होतं, माणसासमोर ते मुठीत धरून बसता." बाईचं बोलणं खोटं नव्हतं.

हा मूळचा कोकणातला, परळच्या चाळीत वाढलेला, गिरणीत साच्यावर कापड विणणारा. गिरणीच्या संघातून खेळता खेळता एका सामन्यात गुडघा गेला, तसा साचाही सुटला आणि खेळही. सामन्यांचे निकाल गिरगावातल्या एका दैनिकाला पोचवत होता, तिथल्या शामराव संपादकांनी त्याला खेळाच्या पानावर बसवलं. टेबल मिळालं ते हेरंबरावांच्या शेजारी.

हेरंबराव म्हणजे त्या दैनिकाचे नाट्यसमीक्षक. गिरगावात जन्म, तोंडात सदा सुपारी, धोतराचा सोगा हातात. माणूस मनाचा निर्मळ, पण खेळाचं नाव काढलं की नाक मुरडणार. "अहो कोंडीराम, चौदा माणसं एकमेकांच्या तंगड्या ओढतात, ह्यात लिहिण्यासारखं असतं तरी काय?" कोंडीराम मान वर न करता म्हणायचा, "तुमच्या नाटकात कोण मरणार ते तालमीच्या दिवशीच ठरलेलं असतं. मग प्रयोगाला जाऊन बघता तरी काय?" रोज हे असं चालायचं आणि रोज दोघं एकाच किटलीतला चहा घ्यायचे.

शामरावांनी ह्या भांडणाचं सोनं केलं. दर शिमग्याला त्यांनी 'उलटा अंक' काढायला सुरुवात केली. त्या दिवशी नाटकवाल्याने मैदानावर जायचं, मैदानवाल्याने नाटकाला, आणि दोघांनी हवं ते बरळायचं. शिमग्याच्या बोंबेचा राग कुणी धरायचा नाही, हा आपला रिवाजच. हेरंबरावांनी एका वर्षी पकडीला 'सात जणांचं आलिंगन' म्हटलं होतं, तर लालबागच्या गड्यांनी हसून हसून पोट धरलं. लोक त्या अंकाची वाट बघायचे.

आता दगडूचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याच्यावाचून होत नाही.

दगडू आणि कोंडीराम गिरणीच्या संघात बरोबर खेळलेले. चढाई दगडूची, पकड कोंडीरामची. दगडू नायगावच्या बीडीडी चाळीतला. उंच, काटक, छाती अशी की पलीकडच्या सातांना हात लावून परत येईस्तोवर दम शाबूत. मैदानात दोघं एका ताटातले, पण गिरणीच्या फाटकातून आत गेले की वाटा वेगळ्या. साच्याच्या धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. 'दगडूच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावायचा होय?' असं म्हणत साच्यावरच्या लोकांनी त्याच्या जातीला तिथे पाऊल ठेवू दिलं नाही. त्याला मिळालं कार्डिंग खातं, जिथे कापूस पिंजतात, जिथे हवेत कापूसच तरंगतो. पगार कमी, धूळ जास्त. त्या साच्यावाल्यांत कोंडीरामही होता. तो काही बोलला नव्हता. विरोध केला नाही आणि बाजूही घेतली नाही, मन मुठीत धरून बसला.

दगडूने त्याच्यावर कधी डूख धरला नाही. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हा पहिला पेढा कोंडीरामला दिला. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे पेटले आणि दगडूच्या छातीला नवं काम मिळालं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," एवढं तो अशा लांब दमात उचलायचा की परळच्या पुलावरून निघालेला आवाज खाली नाक्यावर पोचायचा, मग हजार तोंडं म्हणायची, "झालाच पाहिजे!" त्याच आवाजावर त्याला कामगारांच्या नाटकात घेतलं. पहिल्या नाटकात द्वारपाल होता, तीन वर्षांत नायक झाला. बाविशीतल्या पोरालाही हेवा वाटावा असा त्याचा थाट होता. स्वतः चाळिशीला टेकला होता, पण नाटकात उभा राहिला की कार्डिंग खातं विसरायचा. शांताला, म्हणजे बायकोला, म्हणायचा, "इथे माझं तोंड चालतं बघ."

तर एकोणसाठचा शिमगा आला. शामराव म्हणाले, "कोंडीराम, परळला कामगार नाट्यस्पर्धा चाललीय. तुमचा दोस्तच नायक आहे. टाका एक लेख." कोंडीराम खुशीत गेला. पुढच्या रांगेत बसला, आणि सवयीने डोळे मिटले.

पहिला अंक झकास झाला. दुसराही. तिसऱ्या अंकात दगडू म्हाताऱ्या बापाच्या वेशात, घर सोडून निघालेल्या मुलाला अडवताना एक लांबलचक भाषण करतो. थिएटरात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि कोंडीरामला ऐकू आलं. वाक्याच्या मध्यावर दम तुटला. दगडूने तो झाकला, मान खाली घातली, पुन्हा धरला, पुन्हा तुटला. त्या तुटण्याच्या तळाशी एक बारीक शिट्टी होती. ज्या छातीचा दम कोंडीरामने वर्षानुवर्षं ऐकला होता, तिच्यात आता काहीतरी अडकलं होतं. बाकी लोक डोळे पुसत होते.

आता शहाण्या माणसाने काय करावं? उठावं, पडद्यामागे जावं, गड्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावं, "दगड्या, उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चल." हा पडद्यामागे गेला खरा. दगडू घामाने निथळत होता, रंग ओघळला होता. "कसं झालं रे कोंड्या?" त्याने विचारलं. "एक नंबर!" हा म्हणाला. घरी येऊन मग कागदावर वाघ झाला:

"पहिल्या दोन अंकांत गड्याने मैदान मारले. तिसऱ्या अंकात मात्र भाषणाच्या भर मध्यावर दम सुटला, पुन्हा धरला, पुन्हा सुटला. रंगभूमीवर पंच नसतो म्हणून वाचला, नाहीतर आमच्याकडे केव्हाच रेषेबाहेर बसला असता. नाट्यशास्त्रात याला काय म्हणतात आम्हांस ठाऊक नाही. मैदानात म्हणतात, गडी संपला."

त्याचा हिशेब असा की दगडू हसेल, शिव्या घालेल आणि मनात कुठेतरी खूणगाठ बांधून छाती दाखवून येईल. शिमग्याच्या आडून खरं सांगून टाकलं की आपण सुटलो. अहो, खरं असं आडून सांगता येतं का? ते ज्याच्यासाठी असतं त्याला टोचतं आणि बाकीच्यांना गुदगुल्या करतं.

झालंही तसंच. धुळवडीला अंक आला आणि लालबाग-परळभर 'गडी संपला' एवढंच गाजलं. गिरणीच्या फाटकावर दगडू दिसला की टवाळ म्हणायचे, "काय गडी, संपलास?" तालमीत त्याच्याहून तरण्या नटाने तर तोंडावर विचारलं की आता तो म्हातारा मी करू का.

दगडू कोंडीरामला भेटला तो नायगावच्या चहाच्या दुकानात. कोंडीराम दात काढत म्हणाला, "ये रे, शिमगा होता बाबा..."

"शिमगा होता," दगडू म्हणाला. तो उभाच राहिला. "साच्यावर माझं तोंड चालत नव्हतं तुम्हांला. तेव्हा तू गप्प बसलास, मी म्हटलं जाऊ दे, कोंड्याची जीभ आखूड आहे. आता नाटकात चालतंय, तर तिथे लगेच तुझी जीभ लांब झाली?"

"दगड्या, तसं नाही रे. देवाशपथ..."

"माझ्या तोंडाचा वारा तुम्हांला कुठेच नको ना?"

एवढं बोलून तो गेला. जाताना दाराशी थांबून खोकला. कोंडीरामने तो खोकला ऐकला, पण त्याच्या कानात दुसरंच घुमत होतं. साच्याची गोष्ट इतक्या वर्षांत दगडूने पहिल्यांदा काढली होती. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ह्याच्या छातीचं लिहिलं आणि ह्याने जातीचं वाचलं, आणि वाचलं तर त्यात त्याची चूक काय, हेच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी तो थेट हेरंबरावांपुढे हात जोडून उभा राहिला. "हेरंबराव, अंतिम फेरीचा प्रयोग तुम्ही बघा. तुमच्या पानावर, तुमच्या नावाने लिहा. माझ्याकडून घाण झालीय."

हेरंबराव गेले. आणि खोटं कशाला बोला, माणूस हेलावून आला. दुसऱ्या दिवशी छापायला देण्याआधी त्यांनी लेख कोंडीरामला वाचून दाखवला. "हा नट शब्दांइतकाच विरामांनी बोलतो. वाक्य अर्ध्यावर सोडून तो थांबतो, तेव्हा बापाच्या गळ्यात अडकलेले सगळे आयुष्य प्रेक्षकाला ऐकू येते. असे विराम शिकवून येत नाहीत."

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "पण अहो, तुम्ही तर दम सुटतो म्हणाला होतात. थट्टा सोडा, खरं सांगा. तुमच्या कानाला मी मानतो. तसं असेल तर मी हे फाडून टाकीन."

बघा, देवाने दुसऱ्यांदा संधी दिली होती. समोर भला माणूस, सरळ प्रश्न, हातात न छापलेला कागद. कोंडीरामच्या जिभेवर आलंही होतं की हेरंबराव, तो विराम नाही, ती छाती फाटतेय. पण त्याला दगडू दिसला, चहाच्या दुकानाच्या दारात उभा. पुन्हा एकदा ह्याचं तोंड बंद करणारा मीच का?

"मला नाटकातलं काय कळतं," तो म्हणाला. "विरामच असतील."

तेवढ्याने त्याचं भागलं नाही. त्याच अंकात खेळाच्या पानावर त्याने चौकट टाकली: "शिमग्याच्या अंकात आम्ही एका गुणी नटाचा दम सुटतो असे लिहिले. जाणकारांनी आमचे कान उपटले. तो दम सुटणे नव्हे, ती कला होती. जेनु काम तेनु थाय, दुजा करे सो गोता खाय. आमचे शब्द आम्ही मागे घेत आहोत." शामराव म्हणाले, "अहो, शिमग्याच्या बोंबेची कुणी माफी मागतं का?" कोंडीराम म्हणाला, "मी मागतो."

दगडूला त्या स्पर्धेत पदक मिळालं. ते घेऊन तो परळच्या चाळीचे जिने चढून कोंडीरामच्या खोलीत आला. दोनदा कठड्याला धरून थांबला, तेव्हा कुठे वर पोचला. दारातच त्याने कोंडीरामला मिठी मारली. "कोंड्या, भडव्या, रडवलंस रे! चौकटीत माफी? माझ्यासारख्याची कुणी कधी छापून माफी मागितलीय?" त्याची छाती कोंडीरामच्या छातीला लागली होती. आत काय चाललंय ते आता कानाची गरज न लागता कळत होतं. बकुळाने चहा टाकला. दगडू हसत होता, खोकत होता, पुन्हा हसत होता. "हे विराम हां," खोकून झाल्यावर म्हणायचा, आणि स्वतःच टाळी द्यायचा. कोंडीरामने टाळी घेतली.

पुढचं काय सांगायचं? पावसाळ्यात दगडूच्या पाळ्या बुडू लागल्या. गणपतीत नाटकाचा प्रयोग ठरला तो रद्द झाला. दिवाळीत त्याने अंथरूण धरलं आणि थुंकीतून रक्त आलं तेव्हा शांताने शेजाऱ्यांच्या मदतीने त्याला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले की छातीत कापसाची धूळ बसलीय, वरून क्षय, दोन्ही बाजू गेल्यात. शिमग्याच्या सुमाराला आणला असता तर औषधं होती. कोंडीराम रोज संध्याकाळी खाटेशी जाऊन बसायचा. दगडू बोलेनासा झाला होता. वॉर्डातल्या सगळ्या आवाजांतून कोंडीरामला एकच आवाज ऐकू यायचा, आणि तो चालू आहे ना हे बघत तो बसून राहायचा. माघात एका दुपारी तो आवाज थांबला.

हेरंबराव नायगावला अंत्ययात्रेला आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच बीडीडी चाळीत शिरले असतील. परत जाताना त्यांनी कोंडीरामचा दंड धरला. "मला खरंच विराम वाटले हो." कोंडीराम म्हणाला, "विरामच होते." आता त्या भल्या माणसाला तरी का मारायचं?

बुद्धवंदनेचा दिवस उरकला, माणसं पांगली, तेव्हा शांता दारातून उठून कोंडीरामसमोर येऊन बसली. पांढरं लुगडं, डोळे कोरडे. ती भांडायला आली नव्हती. तिला एक गोष्ट कळत नव्हती, तीच विचारायला आली होती.

"भावजी, तुमचं ते शिमग्याचं वाचून ते लई संतापले होते. तुम्हांला शिव्या घातल्या. पण दोन दिवसांनी मलाच म्हणाले, 'शांते, कोंड्याचा कान कधी चुकत नाही. मैदानात कधी चुकला नाही. माझ्या छातीत काहीतरी असेल.' इस्पितळात जाऊन केसपेपर काढला आम्ही. छातीचा फोटो काढायचा दिवस ठरला."

कोंडीरामने मान वर केली.

"आणि त्याच दिवशी सकाळी तुमची चौकट आली. वाचली आणि केवढे हसले! म्हणाले, 'कोंड्या स्वतः सांगतोय, दम सुटत नाही म्हणून. आता कशाला हवाय फोटो?' मी हात धरून ओढलं, तरी आले नाहीत. तुम्ही खरं लिहिलं होतंत ना, भावजी? तुम्हांला ऐकू आलं होतं ना? मग खोडलंत कशाला?"

त्याच्याकडे उत्तर होतं. तुझ्या नवऱ्याला साच्यावर घेतलं नाही तेव्हा मी गप्प होतो, त्याची भरपाई म्हणून खोडलं. हे उत्तर त्या बाईपुढे कुठल्या तोंडाने ठेवायचं? शांता थोडा वेळ वाट बघून उठली आणि आत भांडी घासायला गेली.

मे महिन्यात महाराष्ट्राचं राज्य आलं. चार वर्षं ज्याच्यासाठी गळे फोडले ते आलं. लालबागला तोरणं, परळला रोषणाई, नायगावच्या मैदानात राज्याच्या नावाने हुतुतूचे सामने. सुरुवातीला कुणीतरी घोषणा दिली, चांगली दिली, पण ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचली नाही. कोंडीराम दोरीला खेटून खुर्चीवर बसला होता. सवयीने डोळे मिटले होते.

नायगावचा एक नवा, तरणाबांड गडी चढाईला गेला. घुमवत, वाकत, हात फेकत पलीकडे शिरला. आणि अचानक कोंडीराम खुर्ची पाडून उठला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "सुटला! दम सुटला! थांबवा त्याला, छाती बघा त्याची, छाती बघा!"

खेळ थांबला. गडी रेषेवर उभा राहून बघत राहिला. पंच जुने, कोंडीरामच्या बरोबरीचे. ते चालत दोरीपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "कोंडीराम, खाली बस. मी शेजारीच होतो. पोराचा दम शाबूत आहे."

"नाही रे," कोंडीराम म्हणाला, "मी ऐकला."

"शाबूत आहे," पंच म्हणाले आणि त्यांनीच त्याची पडलेली खुर्ची सरळ करून दिली. कोंडीराम बसला. सामना पुन्हा सुरू झाला. त्याने दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते आणि डोळे सताड उघडे ठेवले होते.